चव्वेचाळीस

आधी शून्य नावाचं फोल्डर.
त्यात सुरू होण्याआधीची हवा असते.
वारा सुटलेला नसतो, कुणी काडी ओढलेली नसते,
नुसतं लिहून ठेवायचं:
नायट्रोजन सत्याहत्तर, ऑक्सिजन तेवीस.
बेरीज शंभर भरली पाहिजे,
नाहीतर हवा हवा राहत नाही.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत
कुरापाटींच्या डाइंगमधे जुना बॉयलर आहे.
त्याला गॅसचा नवा बर्नर बसवायचाय.
शेठ म्हणाले, आधी ज्योत दाखव, मग पैशाचं बोलू.
सॉफ्टवेअर फुकट असतं म्हटल्यावर
त्यांनी चहा मागवला.

टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे टेबल मिळालं.
मी जाळी विणली. म्हणजे विणली नाही,
अख्खी भट्टी चिरली
चार लाख साठ हजार बारक्या चौकोनी खोल्यांत.
घरी बाबांना दाखवली, तुमच्या मागासारखंच आहे म्हटलं,
ताणा न् बाणा.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ पाहिलं.
"धागा तुटला की माग थांबतो,
कुठं तुटला ते सांगतो.
हे सांगतं का?"

सांगत होतं. मी वाचत नव्हते.

प्रोपेन सोडला, हवा सोडली,
बर्नरच्या तोंडाशी पंधरा खोल्यांना
दोन हजारांची ठिणगी दिली.
पेटलं.
सेकंदाचा तिसावा भाग जेमतेम सरला
आणि विझलं.
काळाचं पाऊल आखूड केलं. विझलं.
हवेचा जोर निम्म्यावर आणला,
रसायनाच्या बावीस पायऱ्या काढून एकच ठेवली,
सगळं पुसून पहिल्यापासून,
शनिवारी, रविवारी, सोमवारी पहाटेही
विझलं.

मल्लिनाथ हत्तुरे एकतीस वर्षं बॉयलरवर आहेत.
भट्टीच्या भोकाला डोळा लावतात
आणि घड्याळ बघावं तशी आग बघतात.
"काय करलालीस गं एवढं?"
ज्योत टिकत नाही, काका.
"मग हवा गार असंल."

मी हसले.
मे महिना, वर पत्रा,
टाकीतल्या पाण्यानं हात भाजत होता,
पंखा झळाच वाटून देत होता सगळ्यांना.
गार हवा, सोलापुरात!

रात्री लाइट गेली.
बॅटरी एकवीस टक्के, करायला दुसरं काही नव्हतं,
म्हणून वाचलं.
एकच ओळ, तीस हजार वेळा,
सासूच्या कटकटीसारखी जी मी वर सरकवत आले होते:
तापमान मर्यादेच्या बाहेर आहे.

शून्य उघडलं. तापमानाची फाईल.
त्यात माझ्याच हातचे चव्वेचाळीस.
भिंतीवरच्या काट्यानं दाखवले, तेच मी लिहिले.
पण हे मोजतं केल्विनमधे,
जिथं सगळं थिजून थांबतं तिथून.
त्या चव्वेचाळिसात
ऑक्सिजनचासुद्धा दगड होतो.
मी सोलापूरचा उन्हाळा भरला म्हणून समजत होते
आणि आठ दिवस
बर्फाहून गार दगडांना काडी लावत होते.

तीनशे सतरा लिहिलं.

सकाळी ज्योत उभी होती.
बुडाशी निळी, वर नारिंगी;
रंग मीच निवडलेत, ते खरे नव्हेत.
हत्तुरेकाकांनी सवयीनं एक डोळा मिटला
आणि स्क्रीनजवळ वाकले.
"धूर कुठाय?"
धूर अजून घातला नाही.
"आवाज?"
आवाजाची फाईलच नसते, काका.
"डावीकडं कलतीया," ते म्हणाले.
खरंच कलत होती. मी पाहिलंच नव्हतं.

दोन सेकंदांची ही आग पुरी व्हायला
नऊ दिवस लागतील, लाइट राहिली तर.
काकांनी लॅपटॉपच्या मागं तळवा धरला,
जिथून वाफारा निघत होता,
आणि तसाच ठेवला थोडा वेळ.
"हितं तर खरी हाय की," म्हणाले,
आणि आपल्या भट्टीकडं गेले.